छापील उत्तर

"चाचणीत पास झालात तरच होडीवर," असं लेकाने थळच्या अंबाजी तांडेलांना बजावलं होतं. किनाऱ्यालगतच्या दवाखान्यात मुंबईहून आलेल्या डॉक्टरबाई स्मरणशक्ती तपासत होत्या. त्यांची नवी चाचणी प्रमाणित होती, म्हणजे कागदावर नसलेल्या उत्तराला गुण नव्हते.

"काका, आज तारीख काय?"

"दुज."

"तिथी नाही, तारीख." शून्य.

"घड्याळ न बघता सांगा, किती वाजले असतील?"

"आर्धी भरती झाली असंल."

"तसं नाही. अकरा की बारा?"

"ते नाय ठाव. पन आज उधानाचं पानी हाय, पार सुरूच्या झाडांपरत येनार."

"ते कागदात नाही, काका." शून्य.

बाईंनी बेरीज केली. "विसर पडायला लागलाय. होडी आता बंद."

अंबाजी उठले. दाराशी जाऊन त्यांनी बाहेर पाहिलं.

"बाय, ती वालूत उभी केलेली पांढरी गाडी कोनाची?"

"माझी. सकाळी तिथे छान मोकळी जागा होती. का?"

"मंग मला पास कर. तिच्यापरत जायला आता होडीच लागंल."