संमोहनातली सून

एकोणीसशे एकाहत्तर साल. ऐन पुरात पुलावर अडकल्यापासून इंदूने तीन वर्षं कृष्णा ओलांडली नव्हती, आणि पलीकडे माहेरी आई अंथरुणाला खिळली होती. डॉक्टरांनी संमोहनाचा उपाय सुचवला. सासू द्वारकाबाई मुद्दाम सोबत गेल्या. मोहिनी घातली की माणूस घरातलं सगळं भडाभडा बोलतं, असं त्यांनी ऐकलं होतं.

इंदूने डोळे मिटले. "मनातल्या मनात पुलावर चढा," डॉक्टर म्हणाले. "भीती वाटली तर कुणाचा हात धराल?"

"आमच्या सासूबाईंचा," इंदू म्हणाली.

बाहेर येताच द्वारकाबाई डोळे पुसत म्हणाल्या, "शुद्धीत नव्हतीस, म्हणून गोड बोललीस हो!"

"चांगली जागी होते, आत्याबाई! तुमच्या बांगड्यासुद्धा ऐकू येत होत्या. सांगायचं नव्हतं, ते पोटातच ठेवलं."

"म्हणजे काय गं, भवाने?"

इंदू नुसती हसली.

पाचव्या बैठकीनंतर दोघी हातात हात घालून पूल ओलांडून गेल्या, द्वारकाबाई कठड्याच्या बाजूने. इंदूच्या आईने लेकीसोबत आणखी दोन दिवाळ्या केल्या. डॉक्टर पुण्याला गेले. द्वारकाबाई जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. इंदू पुलावरून एकटीच जाते, पण कठड्याकडची जागा मोकळी सोडून.