कानसेनांचा निकाल

बाबांनी स्वतः रंधा मारून बनवलेले स्पीकर लाइव्ह व्हिडिओत ऐकून आमच्या स्पीकर-शौकिनांच्या ऑनलाइन ग्रुपचे म्होरके असलेले गृहस्थ म्हणाले, "फोडा आणि शेकोटी करा." सगळी हौशी मंडळी खिदळली. बाबांनी स्पीकरवर चादर टाकली, ती पुन्हा काढलीच नाही. मी मात्र डूख धरला.

या म्होरक्यांना सगळे कानसेन म्हणतात. दर रविवारी प्रत्येकाने व्हायोलिनचा तोच ठरलेला तुकडा आपल्या स्पीकरवर वाजवायचा, रेकॉर्ड करून पाठवायचा आणि कानसेनांनी लाइव्हमध्ये निकाल द्यायचा. गेल्या रविवारी त्यांनी स्वतःचेच नवेकोरे स्पीकर वाजवून मिरवून घेतलं. या रविवारी मी बाबांच्या नावाने रेकॉर्डिंग पाठवलं.

कानसेनांनी नाक मुरडलं. "पुन्हा तेच खोकं! हे व्हायोलिन आहे की दारात शेपूट सापडलेलं मांजर? काका, अजून शेकोटी केली नाहीत?"

मी माइक चालू केला.

"काका नाही, त्यांची मुलगी बोलतेय. हा आवाज तुमच्याच गेल्या रविवारच्या व्हिडिओतून उचललाय. स्पीकर तुमच्या पाठीमागेच आहेत. काडेपेटी आहे ना घरात?"