खांब नंबर सात

तक्त्यात तीन पर्याय होते आणि निकाल आधीच लागलेला होता. इंजिनिअरचे तक्ते असेच असत. विटांच्या भिंती, काँक्रीटचे खांब, लोखंडी सांगाडा, अशी तिघांची परीक्षा व्हायची आणि काँक्रीट पहिलं यायचं. गेली अठरा वर्षं त्याचा नंबर हुकला नव्हता.

आज तक्ता थोरल्या बहिणीपुढे होता. ताई गणिताची शिक्षिका. निवृत्त होऊन वर्ष झालं होतं, पण पर्समधलं लाल पेन अजून नोकरीत होतं. शेजारी चाकाच्या खुर्चीत भावोजी. झटका आल्यापासून त्यांची डावी बाजू चालत नव्हती. ऑफिसच्या तीन पायऱ्या त्यांना खुर्चीसकट उचलून आणावं लागलं होतं. त्या पायऱ्या इंजिनिअरनेच आखलेल्या होत्या.

ताईचं घर एकमजली होणार होतं. अट एकच होती. भावोजींना घरभर एकट्याने फिरता आलं पाहिजे.

"भिंतींना मजबुतीत दहापैकी तीन?" ताईने विचारलं. "बाळ, आपली शाळा विटांच्या भिंतींवरच होती ना रे? हजार पोरं नाचायची तिच्यात."

"ताई, ते जरा तांत्रिक असतं."

"आणि लोखंडाला देखणेपणात शून्य. शून्य तर मी कोऱ्या पेपरालासुद्धा जड हाताने द्यायचे."

भावोजी अर्ध्या तोंडाने हसले.

"एवढ्याशा घराला भिंती पुरत नाहीत का?"

"पुरतात. पण..."

या 'पण'च्या पुढे त्याला कधी जावंच लागलं नव्हतं. गिऱ्हाईक तिथेच मान डोलवायचं. ताई वाट बघत राहिली. मग तिने नकाशा पुढे ओढला आणि झोपायच्या खोलीतल्या काळ्या चौकोनावर बोट ठेवलं.

"हे काय?"

"खांब. सात नंबरचा."

"पलंग आणि बाथरूमच्या मधोमध?"

इंजिनिअर वाकला. खांब मधोमधच होता. त्याच्या पायाशी बारीक अक्षरांत 'दुकान ४' असं लिहिलेलं होतं. गेल्या वर्षीच्या दुकानांच्या ओळीचं त्याने एका दुपारी घर केलं होतं. शटरं पुसली होती. एवढं राहून गेलं होतं.

ताईने ते वाचलं आणि पर्समधून लाल पेन काढून टेबलावर ठेवलं. शेजाऱ्याचं उत्तर उतरवताना त्याचा परीक्षा क्रमांकही उतरवणारी मुलं तिने तीस वर्षं पकडली होती. त्यांच्यावर ती ओरडायची नाही, हेच त्यांना सगळ्यात जड जायचं.

"टेप दे," ती म्हणाली.

तिने नकाशावरचं माप बघून कपाटापासून दोन फुटांवर कचऱ्याची टोपली ठेवली. कपाट म्हणजे भिंत, टोपली म्हणजे खांब. मग इंजिनिअरची चाकांची खुर्ची टेबलामागून ओढून आणली.

"बस. पाय वर घे. डावा हात मांडीवर. तिकडे बाथरूम आहे. जा."

"ताई, काय हे..."

"जा."

उजव्या हाताने टेबलाला रेटा देत तो निघाला. खुर्ची आधी कपाटाला लागली, मग टोपलीला. मागे येऊन त्याने पुन्हा रेटा दिला. टोपली आडवी झाली आणि चुरगाळलेले कागद जमिनीवर पसरले.

"खांब असा पडत नाही," ताई म्हणाली आणि टोपली उचलून पुन्हा मापावर ठेवली.

भावोजींनी एका हाताने आपली खुर्ची जवळ आणली. त्यांचे शब्द हल्ली सावकाश यायचे.

"राहू दे गं. मी हॉलमधून वळसा घालून जाईन. मला कुठे घाई असते?"

ताईने टेबलावरचं लाल पेन टोपण न काढताच परत पर्समध्ये ठेवलं.

इंजिनिअर खुर्चीत तसाच बसून होता, पाय वर, डावा हात मांडीवर. पाय खाली टेकवायला त्याला अजून कुणी सांगितलं नव्हतं.