दुपारचं हृदय

“अण्णा, तुम्हाला दोन हृदयं आहेत,” लेक म्हणाली.

अण्णा हॉस्पिटलच्या पलंगावर उशीला टेकून बसले होते. अंगात पाठीमागे बंद बांधायचा निळा झगा. उद्या सकाळी त्यांच्या छातीत पेसमेकर बसवायचा होता.

“दोन आहेत ना? मग एक बिघडलं तर बिघडू दे की. सोडा मला घरी.”

“त्यापेक्षा जिभेलाच एखादं यंत्र बसवा म्हणावं,” खिडकीजवळच्या स्टुलावरून माई म्हणाल्या. त्या शब्दकोडं सोडवत होत्या. नवऱ्याला टोला हाणायला त्यांना वर बघावं लागत नसे.

लेक हसली नाही. माणसाचं हृदय गणितात मांडायचं, हेच तिचं काम. ठोके, श्वास, रक्तदाब यांची समीकरणं करायची, शिंप्यासारखी एकेका माणसाच्या मापाने बेतायची आणि ते हृदय संगणकात चालवून बघायचं. अण्णा बॅडमिंटनच्या कोर्टवर पडले, तेव्हा डॉक्टरांनी खेळ बंद केला आणि छातीला पट्टा बांधला. पाय घसरला, असं अण्णा घसा फोडून सांगत होते. कोण ऐकतंय? पट्ट्यातून ठोका न् ठोका लेकीकडे यायचा. तो अंगावरून उतरला की किंचाळायचा.

सकाळचं हृदय झकास होतं. दुपारचं मात्र बसल्या जागी मधेच थांबायचं, मग विसरलेलं काही आठवावं तसं पुन्हा सुरू व्हायचं. डॉक्टरांनी ते पाहिलं आणि पेसमेकर ठरवला.

समीकरणांना ते पटेना. सकाळच्या मापाने बेतलेलं हृदय दुपारी काही केल्या थांबत नव्हतं. दुपारच्या मापाने बेतावं, तर सकाळ जुळत नव्हती. लेकही बापाचीच. तिने जेवणाचा परिणाम घातला, झोपेचा घातला, उन्हाचा, गोळ्यांचा, शेवटी अण्णांच्या रागाचासुद्धा घातला. ठिगळावर ठिगळ. डॉक्टर म्हणाले, “गणित चुकलंय तुमचं. हृदय एकच असतं.”

“आता तुम्हीच सांगा, अण्णा. दुपारी तुम्ही नेमकं करता काय?”

“पडतो जरा.”

“खरं सांगा. उद्या छातीला चिरा देणार आहेत तुमच्या.”

अण्णांनी माईंकडे पाहिलं. माईंनी कोड्यात डोकं खुपसलं.

“खेळायला जातो,” अण्णा पुटपुटले.

“बॅडमिंटन? आणि पट्टा?”

“काढून जातो.”

“काढला की किंचाळतो तो!”

“तुझी आई आहे ना घरात!”

आता माईंना हसू आवरेना. लग्न नवं होतं तेव्हा सासूबाई विचारायच्या, कुठे गेलाय तो? माई सांगायच्या, वाचनालयात. रॅकेट चादरींच्या कपाटात लपवायची, हे तेव्हाचं काम. “आता सासूबाईंच्या जागी डॉक्टर,” त्या म्हणाल्या. “ह्यांनी पट्टा काढायचा, मी चढवायचा. मग खुर्चीत कोडं घेऊन गप्प बसायचं. म्हटलं, कसे शहाण्यासारखे ठोके जात असतील!”

लेकीने कपाळावर हात मारला आणि तीही खो खो हसत सुटली. “म्हणजे गणित बरोबर होतं! अहो, मी तुमचा राग घातला त्यात, राग!”

“माझ्या रागाने कधी काही थांबलंय का?” अण्णा म्हणाले.

“मला तर बाई आराम व्हायचा,” माई डोळे पुसत म्हणाल्या. “मधूनमधून डुलकीसुद्धा लागायची.”

लेकीचं हसू ओठांवरच राहिलं.

“कसली डुलकी, आई?”

“अगं, बसल्या बसल्या डोळ्यांपुढे अंधारी येते. हातातलं पेन गळून पडतं. मग जाग येते. वयच झालं आता.”

अण्णा पलंगावरून खाली उतरले. त्यांनी माईंच्या हातातलं कोडं काढून घेतलं, दंडाला धरून त्यांना उठवलं.

“ये,” ते म्हणाले, “जागा गरमच आहे.”