एका कागदावर दोन सह्या

“त्यांना सांगा, वरच्या मजल्यावरच्या गाढवाने आधी सही करावी. मग मी करते,” ताई बिल्डरला म्हणाली.

तिचा भाऊ दीड हातावर उभा होता. तोही बिल्डरलाच म्हणाला, “बाईंना सांगा, मान थोरल्यांचा. आधी त्यांनी करावी.”

बिल्डरची ही एकोणिसावी फेरी. दाराच्या ठेंगण्या चौकटीने त्याच्या कपाळावर कायमचं टेंगूळ वसवलं होतं. घर सहाशे वर्षांचं. त्याच्या वयाची गल्लीतली बाकी सगळी घरं केव्हाच पडली, तिथे काचेच्या इमारती आल्या. हे तेवढं उरलं. वरच्या मजल्याचं पोट रस्त्यावर काढून येणाऱ्या-जाणाऱ्याला न्याहाळत बसलेलं.

पाडायला तशी अडचण काहीच नव्हती. एका कागदावर दोन सह्या हव्या होत्या. खालचा मजला ताईचा, वरचा भावाचा, आणि दोघांत तीस वर्षांचा अबोला.

अबोला तरी कसा, खानदानी! पूर्वी एका राजाला तोफा न्यायला रस्ता रुंद हवा होता. तेव्हा घरात दोन जावा होत्या. आधी अंगठा कुणी उठवायचा यावरून त्यांची अशी जुंपली, की तिकडे लढाई संपली, तह झाला आणि तोफांत चिमण्यांनी घरटी केली. पुढे एका सरदाराला इथे तबेला बांधायचा होता. तो चुलत्या-पुतण्याच्या कचाट्यात सापडला आणि शेवटी घोडेच विकून मोकळा झाला.

“अहो, सख्खी भावंडं ना तुम्ही?” बिल्डर काकुळतीला आला.

“म्हणूनच!” दोघं एकदम म्हणाली. मग आधी कोण बोललं यावरून पुन्हा पेटली.

बिल्डरने कागद फाडला, कोपरापासून हात जोडले आणि कपाळ चोळत निघून गेला.

त्याची गाडी वळेपर्यंत ताई खिडकीत उभी होती. मग तिने दाराला कडी घातली आणि दोन कपांत चहा ओतला.

“आज जरा जास्तच बोललीस हं, ताई,” भाऊ स्टूल ओढत म्हणाला.

“ओघात आलं रे. लागलं का?” तिने त्याच्या कपात साखर वाढवली.

“छे! नुसतं नाही म्हटलं असतं, तर समजूत घालायला जन्मभर आला असता. भांडणाऱ्यांच्या नादी कोण लागतंय?”

ताई हसली नाही. “आपलं निभावलं रे. पण तुझी लेक आणि माझा लेक काल जिन्यात खिदळत बसली होती. त्यांना आता भांडायला शिकवायला हवं.”