चालकाचं झाकण

लेक दातांची डॉक्टर. बाबा ज्या रणगाड्यावर तोफची होते, त्याची वीतभर प्रतिकृती तिने तीन महिने खपून जोडली, रंगवली आणि वाढदिवशी त्यांच्या पुढ्यात ठेवली. बाबांनी चष्मा चढवला. "चिखलसुद्धा अस्सल लावलायस गं!" ते हसले. मग त्यांचं बोट चालकाच्या डोक्यावरच्या झाकणाशी थांबलं. "हे उघड." "बाबा, लढाईत ते बंदच असायचं ना? फोटो बघूनच चिकटवलंय." "बंदच होतं. गाडी पेटली, मी वरून उडी मारली. चालकाचं झाकण अडकलं. मी ओढत राहिलो, हात भाजले, पण ते हललं नाही." हातांवरच्या डागांचं खापर घरात आजवर स्टोव्हवरच फुटायचं.  दवाखान्याच्या पेटीतलं बारीक पातं काढून तिने झाकणाची कड कापली. झाकण वर आलं, तसे बाबा वाकून म्हणाले, "चल रे, नीघ बाहेर!"