खेकड्याचा पूल

"जीप नको, मिथुन. होडी घे," निशिगंधा म्हणाली.

मोबाइलवरचा सामना ऐन रंगात आला होता. हेडफोनमधून संघातला मिथुन खेकसला, "येडी झालीस का? शेवटचं वर्तुळ बेटावर पडलंय, बाहेर राहिला तो मेला. सगळे गाड्या पळवतायत आणि आपण होडीतनं पिकनिकला?"

"गाड्या पुलावरनंच जानार. पुलावर कोन हाय, म्हाईतीये ना?"

माहीत होतं. खेकडा. त्याचं खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. नेरूळचा कुणी कॉलेजवाला असणार, असं मिथुनचं मत. खेकडा पुलावर जीप आडवी लावायचा, चिडवल्यासारखा दोनदा हॉर्न वाजवायचा आणि येईल त्याला टिपायचा. निशिगंधाचा संघ तिथं दरवेळी मेला होता. आज मात्र अंतिम सामना होता. जिंकेल तो संघ चेन्नईला, मोठ्या स्पर्धेला.

आणि चेन्नईआधी बाबांचा, देवजीचा, होकार हवा होता.

सकाळीच तिनं विषय काढला, तेव्हा देवजी उंबऱ्यात चपला घालत होता. एकेकाळी तळवलीच्या खाडीत त्याची होडी पाण्यावर लेकीसारखी खेळायची. होडी विकून स्कूटर घेतली, तसा तो रस्त्याचा माणूस झाला.

"रोज त्या खेकड्याच्या नावानं रडतेस ना?" तो पाठमोराच म्हणाला. "त्याला हरव. मंग चेन्नईचा नाव काढ. नायतर मोबाइल कपाटात."

"आज तरी घरी थांबा ना, बाबा."

"रविवार हाय. अभय वाट बघंल."

अभय त्याचा पुतण्या, करंजाड्याला राहायचा. गल्लीच्या वळणावर त्याच्या स्कूटरचा हॉर्न दोनदा वाजला आणि तो गेला.

"इंजिनचा आवाज ऐकू जाईल गं," आता हेडफोनमध्ये संघातली भाविका कुजबुजली. चौथा विपुल, तो होडीत चढलासुद्धा.

"जानार नाय. बसा."

होडी सुसाट निघाली. पूल दिसू लागला. आणि निशिगंधाला ती लहानपणची पहाट आठवली: खारफुटीचा वास, ओलं जाळं, पुलाच्या अलीकडं इंजिन बंद करणारा बाबांचा हात. 'मासं बुजतील. आता पानी नेल आपल्याला. तू निस्ती बस.'

तिनं इंजिन बंद केलं.

होडी उरल्या वेगानं सरकत राहिली, झोपेतल्या बाळानं कूस बदलावी इतकी अलगद. वर दोनदा हॉर्न वाजला. एक जीप आली, पेटली. दुसरी आली, पेटली. पुलाखालून चौघं बेटावर उतरली, मागच्या बाजूनं वर चढली. खेकड्याचे तिन्ही सोबती पडले. खेकडा मात्र अजून रस्त्याकडंच नेम धरून बसला होता.

निशिगंधानं गोळी झाडली. पडद्यावर फक्त त्यांचाच संघ उरला.

मिथुन इतका ओरडला, की तिला हेडफोन काढावे लागले. आई भाकरीच्या पिठाचे हात तसेच घेऊन धावत आली आणि काहीच न समजता तिला घेऊन नाचली. पिठाचे पंजे लेकीच्या पाठीवर उमटले.

संध्याकाळी वळणावर दोनदा हॉर्न वाजला. देवजी आत आला. हातात जिलेबीचा पुडा.

"बाबा, मी जिकले ह्ये तुमाला कोनी सांगितला?"

त्यानं पुडा सोडला, एक जिलेबी तिच्या तोंडात कोंबली. मग दुखरा उजवा अंगठा चोळत बसला. डोळे मात्र हसत होते.

"मी येडा पुलावर निस्ता रस्ताच बघत बसलो, पोरी. इंजिन कंदी बंद केलंस?"